गुणवंतभाऊंचा बाण

दोन माणसांनी एकाच वेळी एका वस्तूला हात घातला, की गुणवंतभाऊंचे दोन्ही अंगठे आपोआप वर जायचे. ती वस्तू बसमधली जागा असो, नाहीतर पंगतीतला शेवटचा पापड. माझी आणि त्यांची पहिली भेटही अशीच झाली. धरमपेठेतल्या बास्केटबॉलच्या मैदानावर नव्या पंचांसाठी रविवारचा वर्ग होता. खुर्च्या कमी आणि उमेदवार जास्त. एका खुर्चीच्या पाठीला मी हात लावला आणि त्याच क्षणी एका उंच मुलानंही लावला. तो ओढायला लागला, मीही सोडेना. मान वर केली तर समोर एक बुटके, जाड काचांचा चष्मा लावलेले गृहस्थ दोन्ही अंगठे वर करून उभे. "हेल्ड बॉल," ते शांतपणे म्हणाले. "आता सांगा, बाण कोनाकडे आहे?" आम्हाला काय माहीत. "कोनालेच माहीत नाही ना? मंग दोघंही उभे राहा." आणि ते स्वतः त्या खुर्चीवर बसले. पुढचे दोन तास आम्ही दोघं उभे होतो, आणि हा माणूस आपल्याला आवडणार की नाही, हे मला ठरवता येत नव्हतं.

गुणवंतभाऊ कळमन्याच्या फळबाजारातले अडते. पहाटे संत्र्याच्या ढिगांशी उभं राहून बोली लावायची आणि संध्याकाळी मैदानावर लेखनिकाच्या टेबलाशी बसायचं, हा त्यांचा दिनक्रम. टेबलाशी बसले की त्यांच्या बाहीला संत्र्याच्या सालीचा वास यायचा. माणूस खाऊनपिऊन सुखी, आणि मानी तर इतका की पंचाच्या शर्टाला एक सुरकुती पडली तर सामना सुरू व्हायच्या आत तो दुसरा शर्ट घालून यायचा. रागही नाकावर. पण सामना सुरू झाला की त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळायचं नाही. शिट्टी आमच्या तोंडात असायची. हिशोब मात्र त्यांच्याकडे असायचा: गुण, फाउल आणि बाण.

हा बाण काय ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावरून झालं. दोन विरुद्ध खेळाडूंनी चेंडू असा घट्ट धरला की कोणालाच सोडवता येत नाही, तर चेंडू कोणाला द्यायचा? नियम म्हणतो, आळीपाळीनं. एकदा या संघाला, पुढच्या वेळी त्या संघाला. ज्याची पाळी, त्यानं रेषेबाहेर उभं राहून चेंडू आत फेकायचा. पुढची पाळी कोणाची हे सगळ्यांना दिसावं म्हणून टेबलावर एक बाण ठेवतात. भाऊंनी स्वतःचा बाण संत्र्याच्या पेटीच्या फळीतून कापून केला होता आणि त्याला लाल रंग दिला होता. सामन्याला येताना तो उपरण्यात गुंडाळून आणायचे. त्याला दुसऱ्या कोणाचा हात लागलेला त्यांना खपायचा नाही. "बाणाले एकच हात," ते म्हणायचे. "दोन हात लागले की दोन गोष्टी तयार होतात."

वर्गात ते पुस्तक क्वचितच उघडायचे. नियम सांगायचे ते असे, की घरी जाऊन आईला सांगावेत. सामना सुरू होताना उंच उडवलेला चेंडू ज्याला मिळत नाही, पहिला बाण त्याच्याकडे जातो. हे सांगताना भाऊ खुलायचे. "उडीत हरला त्याले पहिली बारी. पहा गा, खेळाची सुरुवातच हरलेल्याची आठवण ठेवून होते." आत फेकणाऱ्याबद्दल म्हणायचे, "लाइनच्या बाहेर उभा माणूस सगळ्यात जास्त अडचणीत राहते. चेंडू त्याच्या हाती, पण पाच सेकंदात द्यायचा, आणि मैदान दुसऱ्याचं. त्याले धमकावू नका, फक्त मोजा."

एका रविवारी त्यांनी विचारलं की बाणाची पाळी संपते कधी. कोणी म्हणालं, पंचानं चेंडू हातात दिला की. कोणी म्हणालं, चेंडू हातातून सुटला की. भाऊंनी मान हलवली. चेंडू मैदानातल्या कोणत्याही खेळाडूला नियमानं लागला, की मग पाळी संपते आणि मग बाण फिरवायचा. "आता समजा, समोरच्यानं मुद्दाम लात मारून तो अडवला. मंग?" मग त्यांनी पंगत मांडली. "वाढपी जिलबी घेऊन तुह्या पानापाशी आला. शेजाऱ्यानं त्याच्या हाताले धक्का देल्ला. जिलबी मातीत गेली. म्हंजे तुह्यं वाढून झालं का?" सगळे हसले. "नाही झालं ना? लात म्हंजे नियमाचा स्पर्श नाही. चेंडू पुन्हा त्याच टीमले द्यायचा, लात मारली म्हणून. आणि बाणाची बारी त्याहिची तशीच शिल्लक. लातेनं कोनाची बारी जात नाही." मी हे ऐकलं, मान डोलावली आणि विसरले. विसरले म्हणजे डोक्याच्या मागच्या खोलीत कुठेतरी टाकून दिलं.

त्यांच्या पारडीच्या घरी फ्रिजवर याच बाणाचं धाकटं भावंड होतं. पुष्पावहिनी आणि भाऊ दोघंही भांडायला खमके, आणि दोघांनाही शेवटचा शब्द आपलाच हवा. म्हणून लग्नानंतर लवकरच भाऊंनी हा तोडगा काढला. बाण फ्रिजच्या डावीकडे वळलेला असेल तर बोलायची पाळी भाऊंची, उजवीकडे असेल तर वहिनींची. ज्याची पाळी तो मनातलं सगळं बोलणार, दुसऱ्यानं मध्ये तोंड घालायचं नाही, आणि बोलून झालं की बाण फिरवायचा. वहिनी पोळ्या लाटता लाटता मला सांगत, "हा माणूस मोठा लबाड आहे वं. बोलता बोलता पाणी प्यायले जाते अन् म्हणते बारी संपली नाही, मध्ये पाण्याचा ब्रेक होता." त्यांनी संसार करता करता नियम असे पाठ केले होते की त्यांना शिट्टी दिली असती तर आमच्यातल्या निम्म्यांची गरज उरली नसती. भाऊ हसायचे आणि बाणाकडे बघायचे.

आता त्या सामन्याचं. मुलींच्या जिल्हा स्पर्धेचा अंतिम सामना होता. जिंकणारा संघ राज्य स्पर्धेला जाणार होता. निळा संघ धरमपेठेचा, त्यांचे प्रशिक्षक सोनटक्के सर, शिस्तीचे आणि तोंडाचे दोन्ही कडक. पांढरा संघ इतवारीच्या बाजूचा. त्या पोरी शाळेच्या फरशीवर सराव करून इथवर आल्या होत्या. त्यांची कप्तान रोहिणी. तिचं त्या वयोगटातलं शेवटचं वर्ष. राज्य स्पर्धेचं प्रमाणपत्र मिळालं तर खेळाडूंच्या राखीव जागेतून नोकरीचा अर्ज करता येणार होता, नाहीतर घरच्यांनी स्थळं बघायला सुरुवात केलीच होती. हे सगळं मला ठाऊक असायचं कारण एकच: रोहिणी गुणवंतभाऊंच्या सख्ख्या बहिणीची मुलगी.

भाऊंनी त्या दिवशी टेबलावर बसायचं नाही असं आधीच कळवलं होतं. पण नेमलेला लेखनिक सकाळी तापानं फणफणला आणि दुसरा जाणता माणूस मिळेना. आयोजकांचे सेक्रेटरी भाऊंना घेऊन आले. भाऊ आधी दोन्ही प्रशिक्षकांकडे गेले आणि स्पष्ट म्हणाले, पांढऱ्यांची कप्तान माझी भाची आहे, चालतं का सांगा, नसेल चालत तर मी घरी जातो. सोनटक्के सरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. भाऊ, तुमच्यावर विश्वास नाही ठेवायचा तर कोणावर, असं काहीसं ते बोलले. मी मुख्य पंच होते, शेजारीच उभी होते. भाऊंनी उपरणं सोडून लाल बाण टेबलावर ठेवला.

सामना शेवटपर्यंत ओढला गेला. चौथ्या डावात निळ्या संघाकडे एका गुणाची आघाडी होती आणि थोडाच वेळ उरला होता. मैदानाभोवती माणसं इतकी दाटली होती की रेषेबाहेर उभ्या मुलीच्या पाठीला लोकांचे गुडघे लागत होते. अशात एक चेंडू दोघींनी धरून ठेवला. बाण पांढऱ्यांकडे. रोहिणी चेंडू घेऊन रेषेबाहेर उभी राहिली. तिनं चेंडू खाली टप्पा देऊन सोडला आणि समोरच्या निळ्या मुलीनं पाय लांब करून तो लाथेनं उडवला. मी शिट्टी वाजवली, पायाकडे बोट दाखवलं आणि चेंडू पुन्हा पांढऱ्यांना दिला. सोनटक्के सर काही बोलले नाहीत. यावेळी रोहिणीनं चेंडू नीट आत दिला, पण तिथून पुढचा पास हुकला आणि चेंडू निळ्यांच्या हाती गेला. त्यांना आता फक्त वेळ काढायचा होता. टेबलावर भाऊंनी बाणाला हात लावला नव्हता. पण ते कोणी बघतं का?

अगदी शेवटी पांढऱ्यांच्या दोघींनी मिळून निळ्या मुलीला कोपऱ्यात गाठलं आणि एकीनं चेंडूला मिठी मारली. दोघी एकमेकींना फरफटत होत्या, चेंडू सुटत नव्हता. मी अंगठे वर केले. घड्याळात काही क्षण शिल्लक होते. सगळं मैदान टेबलाकडे वळलं. बाण पांढऱ्यांकडे होता.

मग जो गलका झाला तो मी आजही विसरले नाही. मागचा चेंडू पांढऱ्यांनाच मिळाला होता हे सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं. मग याही वेळी पांढऱ्यांना कसा? आळीपाळी म्हणजे आळीपाळी, त्याला काय पुस्तक लागतं? "मामानं बाण धरून ठेवला," असं मागून कोणीतरी ओरडलं, आणि त्या एका वाक्यानं सगळं मैदान पेटलं. सोनटक्के सर पांढरे फटक पडले होते. ते टेबलाशी आले आणि मला म्हणाले, मॅडम, तुम्ही स्वतः बघितलं आहे. मी बघितलं होतं. आणि खरं सांगते, त्या गोंगाटात माझं डोकं रिकामं झालं होतं. पांढऱ्यांनाच चेंडू मिळाला होता, बाण फिरायला हवा होता, असं मलाही वाटलं. मी टेबलावर वाकले आणि विचारलं, "भाऊ, नक्की?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. नजर समोरच्या कागदावर होती. "लात," ते म्हणाले.

एवढंच. आणि तो वाढपी, ती मातीत गेलेली जिलबी, ते सगळं मागच्या खोलीतून बाहेर आलं. पहिली फेक पूर्ण झालीच नव्हती. नंतरचा चेंडू पांढऱ्यांना मिळाला तो लाथेबद्दल, बाणाच्या पाळीबद्दल नव्हे. पाळी वापरली गेलीच नव्हती. बाण जिथं होता तिथंच असायला हवा होता.

तेवढ्यात सेक्रेटरी भाऊंच्या कानाशी लागले. गृहस्थ वाईट नव्हते, घाबरले होते. निळ्यांना देऊन टाका, ते सांगत होते, उद्या लोक तुमच्या नावानं खडे फोडतील, रोहिणी तुमची भाची आहे, कोण ऐकणार तुमचा नियम? भाऊंनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. मग काढून पुन्हा पुसला. मला त्यांचा राग माहीत होता, पण तो राग नव्हता. त्यांना भीती वाटत होती.

"माह्यं नाव साफ राहावं म्हणून मी तिचा बाण देऊन टाकू?" ते हळू म्हणाले. "ती माही कोनी नसती तं तुमी असं बोलले असते का?"

मी वळले आणि चेंडू रोहिणीच्या हातात दिला. मोजायला सुरुवात केली. माझा हात पाचव्या झटक्याला जायच्या आत तिनं चेंडू उंच मुलीकडे फेकला, तिनं वळून बास्केटकडे टाकला, तो कडेवर फिरला आणि आत पडला. भोंगा वाजला. पांढऱ्या पोरी रडत एकमेकींच्या अंगावर पडल्या. भाऊंनी गुण मांडले, मग सावकाश हात पुढे करून बाण फिरवला. आता फेक पूर्ण झाली होती. सामना संपला होता, बाण फिरवून काही होणार नव्हतं. तरी त्यांनी फिरवला.

निळ्यांनी तक्रार केली. शाळेच्या एका वर्गात समिती बसली. भाऊंनी नियम सांगितला आणि वर जिलबीही सांगितली. सोनटक्के सर उठून म्हणाले, "जिलबीवर निकाल लावता का आता तुम्ही?" त्यांचं एक म्हणणं असंही होतं की लाथ मुद्दाम नव्हती, चेंडू पायाला लागला. भाऊ म्हणाले, चुकून लागला असता तर मॅडमनी शिट्टी वाजवलीच नसती, आणि शिट्टीला तेव्हा तुम्ही हरकत घेतली नाही. "लात मानली सर, मंग बाणही मानावा लागते." भाचीबद्दल, विश्वासाबद्दल, सामन्याआधी खांद्यावर ठेवलेल्या हाताबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. समितीनं बराच वेळ कुजबुज केली आणि निकाल दिला: पंचांचा निर्णय अंतिम. बस. निर्णय बरोबर होता असं कोणी म्हणालंच नाही. हे तीन शब्द कमी पडले म्हणून एका माणसाची उरलेली वर्षं खराब झाली, असं माझं मत आहे, आणि ते मी त्या समितीतल्या प्रत्येकाला तोंडावर सांगितलं आहे.

पुढच्या स्पर्धेपासून भाऊंना टेबलावर बोलावणं येईना. कोणी काढून टाकलं नाही, फक्त बोलावलं नाही. नागपूरच्या मैदानांवर बाण उलटा दिसला की पोरं म्हणायची, मामाचा बाण आहे वाटतं. मी जिथं तिथं नियम सांगत फिरले, पण मी त्यांची शिष्या, माझं कोण ऐकतं. रविवारच्या वर्गाला माणसं कमी होत गेली. एक दिवस भाऊंनी तो लाल बाण उपरण्यासकट माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, ठेव तुझ्याकडे, घरात दोन बाण कशाला. ते मैदानावर येत राहिले. पायरीवर बसायचे, सामना बघायचे, आणि चेंडू दोघांच्या हातात अडकला की त्यांचे अंगठे मांडीवरच हलकेच वर व्हायचे.

रोहिणी राज्य स्पर्धेला गेली. प्रमाणपत्र आलं, पुढे नोकरीही लागली. तिथंही मामाच्या बाणाचं बोलणारं कोणीतरी नागपूरचं भेटलंच. एका दिवाळीत ती पारडीला आली होती, मीही होते. फराळाची ताटली हातात घेऊन तिनं विचारलं, "मामा, खरं सांगा, तुमी तेव्हा बाण धरून ठेवला होता का?" पुष्पावहिनींच्या हातातला डबा तसाच राहिला. मला तिच्या कानाखाली द्यावीशी वाटली. भाऊ मात्र तिच्याकडे असं बघत राहिले की तिलाच खाली बघावं लागलं.

"तुह्या हातून चेंडू सुटला, तेव्हा समोरून लात आली का नाही?"

"आली."

"मंग मले काहून विचारते बेटा? तुह्या डोळ्याले विचार."

ती निघून गेल्यावर वहिनींचा बांध फुटला. फ्रिजवरचा बाण भाऊंच्या बाजूला होता, त्यामुळे नियमानं त्यांना बोलता येत नव्हतं. तरी त्या बोलल्या. पोरीलासुद्धा खरं वाटत नाही, त्या म्हणाल्या, तुम्ही एकदा चारचौघांत उभे राहून का बोलत नाही, त्या सोनटक्क्याला का विचारत नाही. मग फ्रिजकडे हात करून म्हणाल्या, "बाण तुमच्याकडेच आहे ना? मंग बोला. कधीचे चूप बसून राहिले." भाऊ एवढंच म्हणाले की पंच नियमाची बाजू मांडतो, स्वतःची नाही. "बारी माही आहे ना, राहू दे शिल्लक. टाइम आला की बोलीन."

त्यानंतर त्या घरात भांडणं झाली नाहीत. वहिनींनी मला हे एकदा सांगितलं आणि मला त्याचं वाईट वाटलं, कारण त्या दोघांची भांडणं फार छान असत. बाण भाऊंच्या बाजूला तसाच राहिला. मागच्या संत्र्याच्या हंगामात एका पहाटे भाऊ कळमन्याला जायला उठले, चप्पल घालायला पलंगाच्या कडेवर बसले आणि तिथंच गेले. घाटावर मार्केटचे अडते होते, हमाल होते, आम्ही थोडे पंच होतो. सोनटक्के सर आले होते की नाही, मला आठवत नाही. मी शोधलंही नाही.

यंदा त्याच धरमपेठेच्या मैदानावर मुलींचा उपांत्य सामना माझ्याकडे होता. आता तिथं बाणाचे दिवे लागतात, पण त्या दिवशी त्यांनी दगा दिला. माझ्या पिशवीत भाऊंचा लाल बाण असतोच. तो टेबलावर ठेवला. एका बाजूला सोनटक्के सरांचा संघ, सर आता पुष्कळ पिकले आहेत. शेवटच्या डावात समोरच्या संघाला बाणावर चेंडू मिळाला, आणि सरांच्या एका पोरीनं तो लाथेनं अडवला. मी शिट्टी वाजवली, चेंडू पुन्हा त्याच संघाला दिला. लेखनिक मुलीचा हात बाणाकडे गेला, मी मान हलवली, तिनं हात मागे घेतला. पुढं काय होणार हे मला दिसत होतं, आणि झालंही तसंच. दोन गुणांचा फरक, अगदी शेवटी चेंडू दोघींच्या हातात अडकला, आणि लाल बाण पुन्हा त्याच संघाकडे.

सरांच्या बाकावरच्या पोरी उठून उभ्या राहिल्या. एका खेळाडूचे वडील दोरी ओलांडून आत आले, मला काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. मी टेबलाशी उभी राहिले आणि सरांची वाट बघितली. ते सावकाश आले. टेबलावरच्या बाणाकडे त्यांनी बराच वेळ बघितलं. तो त्यांनी ओळखला होता.

मग ते आपल्या मुलींकडे वळले. "बसा खाली," ते म्हणाले. "वाढप्याच्या हाताला धक्का दिला आणि जिलबी मातीत गेली, तर पानावरच्या माणसाचं वाढून झालं का? बाण त्यांचाच आहे." दोरीशी उभ्या असलेल्या वडिलांनाही त्यांनी हेच ऐकवलं, जरा मोठ्यानं. परत जाताना ते माझ्याशेजारी थांबले.

"तेव्हाही त्यांचाच होता," सर म्हणाले. "मी दुसऱ्याच दिवशी पुस्तक उघडून बघितलं होतं."

मला त्यांना पुष्कळ बोलायचं होतं. इतकी वर्षं काय करत होता, हे तर विचारायचंच होतं. पण चेंडू माझ्या हातात होता आणि रेषेबाहेर एक पोरगी वाट बघत होती. मी तिला चेंडू दिला आणि मोजू लागले.

सामना संपल्यावर मी घरी न जाता पारडीला गेले. वहिनी पालक निवडत बसल्या होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं, लाथ, बाण, जिलबी, आणि सरांचं शेवटचं वाक्य जसंच्या तसं. त्यांनी मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. मी थांबल्यावर त्यांनी विचारलं, "सगळ्यांसमोर म्हटलं त्यानं?"

"जिलबीचं सगळ्यांसमोर म्हटलं. तेव्हाचं मला एकटीला."

त्यांनी पालक बाजूला सारला. मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि फ्रिजपाशी गेल्या. छोटा बाण अजून डावीकडे, भाऊंच्या बाजूला होता. त्यावर धूळ नव्हती. त्या रोज पुसत असणार, पण फिरवला नव्हता. त्यांनी पदरानं हात पुसले.

"झालं बाप्पा त्याहिचं बोलून," त्या म्हणाल्या, आणि बाण उजवीकडे वळवला. "आता माही बारी आहे."

मग त्या फ्रिजकडे तोंड करून बोलू लागल्या. इतकी वर्षं चूप काहून बसले, पोरीपाशी तरी एकदा बोलायचं होतं, मला अशी एकटी टाकून काहून गेले, असं खूप काही. आवाज चढला, रडू आलं, तरी थांबल्या नाहीत. पाणी प्यायलासुद्धा नाही. मी खाली बसून उरलेला पालक निवडत राहिले. पाळी त्यांची होती, मी मध्ये बोलले नाही.